याट, ॲशट्रे आणि एक चेकबॉक्स: अमेरिकी विद्यापीठांतल्या पी-कार्डाची गोष्ट

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि 'भाग लांब होतो रे' म्हणणाऱ्यांसाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमेल तेवढे काढलेत. राहिले असतील ते सोडून द्या.

सुरुवात बीटेकच्या तिसऱ्या वर्षापासून करतो. आमच्या रोबोटिक्स क्लबला एक मोटर ड्रायव्हर हवा होता, किंमत 1,850 रुपये. कॉलेजचा नियम असा की तीन कोटेशन आणा. मी आणि माझा मित्र तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार काकांनी विचारलं, "कॉलेजचं काम का? तीन पाहिजेत ना?" आणि एकाच ड्रॉवरमधून तीन वेगवेगळ्या नावांची लेटरहेड काढली. तिन्हींवर त्यांनीच आकडे लिहिले, फक्त पेन बदलून. पैसे आम्ही खिशातून भरले आणि ते परत मिळायला सात महिने लागले. तोपर्यंत स्पर्धा संपली होती आणि ड्रायव्हर जळालाही होता.

हे आठवलं कारण माझी पहिली नोकरी नेमकी याच विषयात लागली. पुण्यात बसून अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी खर्चाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहायचं. तिथे पहिल्यांदा 'पी-कार्ड' हा शब्द ऐकला. पर्चेसिंग कार्ड. दिसायला साधं क्रेडिट कार्ड, नाव कर्मचाऱ्याचं, पण बिल भरणार विद्यापीठ. प्रयोगशाळेतल्या ताईंना हातमोजे संपलेले दिसले की त्या ऑनलाइन मागवतात, कार्ड टाकतात, विषय संपला. कोटेशन नाही, सही नाही. पावती नंतर अपलोड करायची, कोणत्या खात्यात खर्च टाकायचा ते सांगायचं आणि वरिष्ठांनी महिन्याच्या शेवटी ते तपासायचं.

मला वाटलं, किती विश्वासू लोक आहेत! मग एक दिवस कोडमध्ये एक चेकबॉक्स दिसला. प्रत्येक जेवणाच्या बिलासमोर प्रश्न: यात दारू आहे का? 'हो' म्हटलं तर दारूची रक्कम वेगळी काढून वेगळ्या खात्यात टाकावी लागते. सीनियरला विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "स्टॅनफर्डची याट गूगल कर."

आधी ती याटच बघू.

अमेरिकेत विद्यापीठांचं मोठं संशोधन सरकारी अनुदानावर चालतं. सरकार प्रयोगाचा थेट खर्च देतंच, शिवाय वीज, इमारत, ग्रंथालय, कारकुनी कामं अशा अप्रत्यक्ष खर्चासाठी वर काही टक्के देतं. स्टॅनफर्डचा हा दर 1990 च्या आसपास 74 टक्के होता. म्हणजे ढोबळमानाने 100 डॉलरच्या संशोधनावर आणखी 74 डॉलर. सरकारच्या बाजूने हा दर ठरवणाऱ्या नौदलाच्या संशोधन कार्यालयातल्या पॉल बिडल या अधिकाऱ्याला हिशेबात काहीतरी खटकलं. मार्च 1991 मध्ये खासदार जॉन डिंगेल यांच्या उपसमितीसमोर सुनावणी झाली आणि देशभर बातम्या आल्या. अप्रत्यक्ष खर्चात काय काय निघालं? अध्यक्षांच्या निवासस्थानाची फुलं, देवदाराचं अस्तर लावलेलं कपाट आणि 72 फुटी याटचा घसारा! याट विद्यापीठाला देणगीत मिळालेली. विद्यापीठाने सांगितलं की ही हिशेबातली चूक आहे. पण संशोधनाच्या पैशात याट, ही गोष्ट एकदा टीव्हीवर गेली की तुमचं स्पष्टीकरण कोण ऐकणार? अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांनी त्याच वर्षी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. दर 55.5 टक्क्यांवर आला. पुढे 1994 मध्ये 12 लाख डॉलरवर तडजोड झाली आणि सरकारने फसवणुकीचा ठपका ठेवला नाही. अब्रू मात्र गेली ती गेलीच.

याचा परिणाम सगळ्या विद्यापीठांवर झाला. 1991 मध्येच सरकारने नियम बदलले. अप्रत्यक्ष खर्चातल्या प्रशासकीय भागावर 26 टक्क्यांची कमाल मर्यादा आली आणि दारूसारखे खर्च स्पष्ट शब्दांत अमान्य ठरले. आमच्या कोडमधला तो चेकबॉक्स तिथून आलाय. 30 वर्षांहून जुनं प्रकरण आज पुण्यातल्या एका डेटाबेसमध्ये खरं-खोटं अशा एका कॉलमच्या रूपात जिवंत आहे.

दोन गोष्टी एकदम घडल्या, बघा. प्रत्येक पावतीला जपा, नाहीतर पेपरात नाव येईल, ही एक. आणि कारकुनी कामावर जास्त खर्च केलात तर 26 टक्क्यांच्या वरचा पैसा सरकार देणार नाही, ही दुसरी. कागद वाढवा, पण कागद सांभाळणारी माणसं वाढवू नका! माझा तर्क असा की या कात्रीत सापडल्यामुळेच विद्यापीठांना पी-कार्ड एवढं पटकन पटलं.

पण कार्ड आलं कुठून? विद्यापीठांनी ते शोधलेलं नाही. ते आलं सरकारी ऑफिसातून, आणि सरकारी ऑफिस काहीतरी सोपं करतं हे ऐकून आपण जरा दचकतोच.

त्या आधीची पद्धत आपल्याला अनोळखी नाही. मागणीपत्र लिहा, विभागप्रमुखांची सही घ्या, खरेदी विभागाकडे पाठवा, ते किंमती मागवणार, मग पर्चेस ऑर्डर काढणार, माल आला की पोचपावती, मग बिल, मग तिन्ही कागद जुळवून चेक. लाखाचं यंत्र असो नाहीतर दहा डॉलरची टेप, रस्ता एकच. 1982 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सरकारी खरेदी सुटसुटीत करा असा आदेश काढला. 1986 च्या सुमारास वाणिज्य खात्याच्या पुढाकाराने काही खात्यांत कार्डाचा प्रयोग झाला आणि 1989 मध्ये ते सगळ्या केंद्रीय खात्यांना खुलं झालं. कंत्राट मिळालं रॉकी माउंटन बँककार्ड सिस्टीम नावाच्या कंपनीला.

सुरुवातीला फारसं कोणी वापरलं नाही. हवा दिली अल गोर यांनी, आणि तीही हातोडीने. 1993 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या गोर यांच्याकडे सरकारी कारभार सुधारण्याचं काम होतं. त्यांचा अहवाल सप्टेंबरमध्ये आला आणि लगेच ते डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या टीव्ही शोमध्ये गेले. सोबत सरकारी मानकाप्रमाणे बनवलेला काचेचा ॲशट्रे. सरकारी नियमांत लिहिलं होतं की असा ॲशट्रे फुटला तर त्याचे 35 पेक्षा जास्त तुकडे होता कामा नयेत, आणि ते तपासायचं कसं हेही लिहिलं होतं. गोर यांनी गॉगल लावला आणि स्टुडिओत तो फोडून दाखवला. लोक हसले. मुद्दा पोचला: दुकानात जाऊन साधा ॲशट्रे का नाही आणत?

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1994 मध्ये, खरेदी सुटसुटीत करण्याचा कायदा झाला आणि 'मायक्रो-पर्चेस' हा प्रकार जन्माला आला. 2,500 डॉलरपर्यंतच्या खरेदीला कोटेशनची स्पर्धा नको, किंमत वाजवी वाटली की घ्या. कार्डासाठी रस्ता मोकळा झाला. 1990 या आर्थिक वर्षात केंद्र सरकारची कार्डावरची खरेदी 6 कोटी 40 लाख डॉलर होती. 1995 मध्ये ती 160 कोटी डॉलरवर गेली. 1994 च्या एका सरकारी अभ्यासात निघालं की प्रत्येक खरेदीमागे कागदपत्रांचे सुमारे 54 डॉलर वाचतात. म्हणजे दहा डॉलरची टेप आणण्यासाठी तिच्या पाचपटीहून जास्त पैसा फक्त कागदावर जात होता.

विद्यापीठांनी हे बघितलं आणि 1990 च्या दशकात एकामागून एक आपापले पी-कार्ड कार्यक्रम सुरू केले. बँकांनाही हे गिऱ्हाईक आवडलं. वर्षाच्या उलाढालीवर बँक विद्यापीठाला थोडी रक्कम परत देते, तिला रिबेट म्हणतात. हा पैसा येतो कुठून? कार्ड स्वाइप झालं की दुकानदार जे शुल्क भरतो त्यातून. म्हणजे गावातला छोटा पुरवठादारच विद्यापीठाला कमिशन देतोय, त्याला ते दिसत नाही एवढंच. मला हे जरा खुपतं, पण तो आजचा विषय नाही.

आता थोडं आतलं सांगतो, हा माझा आवडता भाग आहे. कोटेशन आणि सही काढून टाकली, मग आवर कशाने घालायचा? कार्डाला एका व्यवहाराची मर्यादा असते आणि महिन्याची मर्यादा असते. त्याशिवाय असतो मर्चंट कोड. जगातल्या कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला चार आकडी कोड असतो, तुमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलालासुद्धा. रेस्टॉरंट 5812, बार 5813, दारूचं दुकान 5921, जुगार 7995. विद्यापीठ बँकेला सांगतं, आमच्या कार्डावर 5813, 5921 आणि 7995 बंद. मग ते कार्ड बारमध्ये चालतच नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाटलं, वा, किती देखणा उपाय! एक आकडा, एक तुलना, काम झालं.

पण कोड दुकानाचा असतो, वस्तूचा नसतो. किराणा सुपरमार्केटचा कोड 5411. तिथे दूधही मिळतं, वाइनही मिळते आणि गिफ्ट कार्डही. बँकेला फक्त 5411 आणि एकूण रक्कम दिसते. म्हणून पावती लागते, पावती बघणारा माणूस लागतो, आणि म्हणून तो चेकबॉक्स.

'बघणारा माणूस' हीच या गोष्टीतली कच्ची कडी. 2001 मध्ये अमेरिकेच्या सरकारी हिशेब तपासनिसांनी सॅन डिएगोमधल्या नौदलाच्या दोन कार्यालयांची कार्डं तपासली. कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक खरेदी केल्याचं सापडलं, ते अपेक्षितच होतं. खरा धक्का वेगळा होता. एका कार्यालयात हजाराहून जास्त कार्डधारकांची बिलं मंजूर करायला एकच अधिकारी होता. तो बिचारा काय तपासणार? तो सही करत होता. तीन लेटरहेडवर एकाच काकांनी लिहावं तसंच हे. कागद पूर्ण, तपासणी शून्य.

विद्यापीठांतही तेच झालं. 2000 च्या दशकात जॉर्जिया टेकमधल्या एका कर्मचाऱ्याने पी-कार्डावर काही वर्षांत हजारो छोट्या वैयक्तिक खरेद्या करून तीन लाख डॉलरहून जास्त रक्कम उडवली. 2008 मध्ये जॉर्जिया राज्याने सरकारी कार्डांच्या गैरवापराविरुद्ध कायदा केला.

आणि मग येल. हे काटेकोरपणे कार्डाचं प्रकरण नाही, खरेदीच्या मंजुरीचं आहे, पण आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस तेच उदाहरण देतो. येलच्या वैद्यकीय शाखेतल्या एका प्रशासकीय अधिकाऱ्याला 10,000 डॉलरच्या आतल्या काही खरेद्या स्वतःच मंजूर करता येत होत्या. 2013 पासून त्यांनी मायक्रोसॉफ्टचे सरफेस आणि ॲपलचे आयपॅड मागवले, प्रत्येक ऑर्डर 10,000 च्या खाली ठेवून, आणि ते न्यूयॉर्कमधल्या एका धंद्याकडे विकायला पाठवले. आठ वर्षं हे चाललं. रक्कम झाली सुमारे 4 कोटी डॉलर! 2022 मध्ये त्यांना नऊ वर्षांहून थोडी जास्त शिक्षा झाली. आता हे पकडलं कोणी? माझ्यासारख्याने लिहिलेल्या एखाद्या रूलने नाही. 2021 मध्ये कोणीतरी विद्यापीठाला निनावी कळवलं की या बाई संशय यावा इतके कॉम्प्युटर मागवतायत आणि त्यातले काही स्वतःच्या गाडीत भरतायत. कोणीतरी डोळ्यांनी बघितलं होतं.

गंमत म्हणजे त्याच काळात अमेरिकेतली विद्यापीठं 10,000 हाच आकडा मागत होती. डिसेंबर 2014 मध्ये अनुदानाच्या खर्चाचे नवे एकत्रित नियम लागू झाले. त्यात मायक्रो-पर्चेसची मर्यादा होती 3,000 डॉलर. बऱ्याच विद्यापीठांची स्वतःची मर्यादा त्याहून वर होती. म्हणजे शास्त्रज्ञांना पुन्हा कोटेशन गोळा करत बसणं आलं. विद्यापीठांनी आरडाओरडा केला, नियमाच्या या भागाला मुदतवाढी मिळत गेल्या, आणि शेवटी 2017 च्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात विद्यापीठांसाठी 10,000 डॉलर असं कलम आलं. संशोधनाच्या हातमोज्यांचं कलम संरक्षणाच्या कायद्यात! आपल्याकडेही फार वेगळं नाही. 2017 च्या केंद्रीय वित्तीय नियमांत 25,000 रुपयांपर्यंत कोटेशनशिवाय खरेदी चालत होती, आणि जून 2025 मध्ये संशोधन संस्थांसाठी ती मर्यादा वाढवून 2 लाख केली. म्हणजे आमच्या कॉलेजात 1,850 रुपयांसाठी तीन कोटेशन मागणारे लोक सरकारपेक्षाही कडक होते.

मग 10,000 बरोबर की चूक? ज्या मर्यादेने येलला बुडवलं तीच हजारो प्रामाणिक प्रयोगशाळांना मोकळं करते. माझ्या मते आकड्यात फार अर्थ नाही. पूर्वी तपासणी खरेदीच्या आधी होती, कार्डाने ती नंतर ढकलली. तपासणीचं काम त्यामुळे कमी झालं नाही, ते खरेदी विभागातून उठून प्रत्येक विभागातल्या कोऑर्डिनेटरच्या टेबलावर आलं. मी ज्यांच्यासाठी स्क्रीन बनवतो त्या या लोकांची मूळ कामं वेगळीच असतात. पावत्या जुळवणं हे वरचं काम. त्यासाठी कोणी वेगळी नोकरी दिलेली नाही.

हे मला उशिरा कळलं आणि चुकीतून कळलं. येलनंतर सगळ्या ग्राहकांना एक फीचर हवं होतं: मोठी खरेदी तुकडे करून मर्यादेखाली दाखवली जातेय का ते ओळखा. तो रूल मी लिहिला. एकाच कार्डावर, एकाच पुरवठादाराकडून, सात दिवसांत अनेक व्यवहार, प्रत्येक मर्यादेखाली, पण बेरीज वर. असं दिसलं की कार्ड आपोआप थांबवा. चाचणीत मस्त चालला, डेमोत टाळ्या मिळाल्या.

लाइव्ह गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका ग्राहक विद्यापीठातून तिकीट आलं. एका प्रयोगशाळेतला उणे 80 अंशांचा फ्रीझर बंद पडला होता. नमुने वाचवायला कोऑर्डिनेटर रोज ड्राय आइस मागवत होत्या. ड्राय आइस साठवून ठेवता येत नाही, उडून जातो, म्हणून रोज वेगळी ऑर्डर. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, माझ्या रूलने त्यांचं कार्ड बंद केलं. शनिवार-रविवारचा ड्राय आइस त्यांनी स्वतःच्या कार्डावर घेतला. तिकिटात तक्रारीचा सूरही नव्हता. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच होता की मला प्रश्न विचारा, हरकत नाही, पण कार्ड बंद करण्याआधी विचारा. मी ते वाचत बसलो. त्यांना ते पैसे परत मिळायला किती दिवस लागले असतील हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी सुचवलं की आपोआप थांबवणं काढून टाकू, फक्त माणसाला कळवू. त्यांच्या ऑडिट विभागाने मीटिंगमध्ये एकच शब्द म्हटला, "येल." त्यावर काय बोलणार? त्यांचंही खरं होतं. तीन मीटिंगनंतर असं ठरलं की रूलने पकडलं की आधी कार्डधारकाला प्रश्न जाईल, उत्तर द्यायला दोन कामाचे दिवस मिळतील, आणि उत्तर आलं तर कार्ड चालू राहील, विभागातला माणूस ते वाचेल. उत्तरासाठी मी एक मोकळा रकाना ठेवला, ड्रॉपडाउन नाही. लोक त्यात काय काय लिहितात! उंदरांचं खाद्य एकदम मागवलं तर शिळं होतं. पदवीदान समारंभाच्या खुर्च्या दोन वेळा भाड्याने घेतल्या कारण पाऊस आला.

ऑडिटवाल्यांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. आपोआप थांबवायचं बटण सिस्टीममध्ये अजून आहे. नवीन ग्राहकासाठी ते बंद असतं, पण सुरू करता येतं. मागच्या महिन्यात दोघांनी ते सुरू केलं.